परदेशी खेळायला निघालेल्या फुटबॉलपटूच्या बॅगेत एअरटॅग: काय जमतं, काय नाही

परदेशातल्या क्लबकडे निघालेल्या फुटबॉलपटूची बॅग वाटेत अडकली, तर त्याचं नुकसान पर्यटकासारखं नसतं. जर्सी क्लब देतो, टॉवेल हॉटेलात मिळतो, ट्रॅकसूट संघातला कोणीही देईल. पायाला बसलेले बूट मात्र कोणी देऊ शकत नाही, आणि गोलकीपरला हाताला सरावलेले ग्लोव्हजही नाहीत. त्यातून ट्रायल असेल तर ती पोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच असते. बॅग चौथ्या दिवशी सुखरूप आली तरी तोवर निवडीचा निर्णय झालेला असतो. म्हणून ॲपलच्या एअरटॅगचं, म्हणजे बॅगेत ठेवून तिचा ठावठिकाणा फोनवर दाखवणाऱ्या छोट्या टॅगचं, हे परीक्षण एकाच प्रश्नाभोवती आहे: सामना तोंडावर असताना हा टॅग खेळाडूच्या किती कामाचा?

निकाल आधीच सांगायचा तर, घ्यावा. पण तो बॅग आणून देत नाही, ती कुठे आहे एवढंच सांगतो. ती माहिती वेळेत मिळाली तर नवे बूट घ्यायचे की उद्या सकाळपर्यंत थांबायचं, हे विमानतळावर उभ्या उभ्या ठरवता येतं. साडेतीन हजारांच्या आसपास मिळणाऱ्या वस्तूकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

बॅग चुकते कुठे

भारतातून युरोपात खेळायला गेलेल्यांच्या वाटा पाहिल्या की गोष्ट लक्षात येते. संदेश झिंगन 2021 मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडे गेला. सौम्या गुगुलोथ आणि ज्योती चौहान झाग्रेबच्या दिनामोकडे गेल्या. मनीषा कल्याण आधी सायप्रसमधल्या लिमासोलच्या अपोलोनकडे आणि पुढे थेसालोनिकीच्या पाओककडे गेली. यातल्या झाग्रेब किंवा थेसालोनिकीला मुंबईहून सरळ विमान नाही, शिबेनिकला तर स्वतःचा विमानतळच नाही. तिथे स्प्लिट किंवा झादरला उतरायचं आणि पुढे रस्त्याने जायचं. म्हणजे एक तरी विमान बदलणं आलं, बऱ्याचदा दोन. आणि चुकलेल्या बॅगांत सगळ्यात मोठा वाटा असतो तो विमान बदलताना मागे राहिलेल्यांचा.

मागे राहण्याची कारणं ठरलेली असतात. पहिलं विमान उशिरा पोचतं, माणूस धावत जाऊन दुसरं गाठतो, बॅगेला धावता येत नाही. किंवा बॅगेवर मागच्या प्रवासाचं स्टिकर तसंच असतं आणि यंत्र नेमका तोच बारकोड वाचतं. छोटी बारकोडची चिठ्ठी हँडलच्या खाली किंवा बाजूला चिकटवलेली असते, ती लोक काढायला विसरतात. तिसरं कारण क्लबच्या प्रवासात फार दिसतं. एजंट स्वस्तात बसवण्यासाठी दोन वेगळी तिकिटं काढतो. मुंबई ते इस्तंबूल एक, तिथून स्प्लिट दुसऱ्या कंपनीचं. अशा वेळी बॅग शेवटपर्यंत जाईलच असं नाही. ती इस्तंबूलला उतरवून घ्यायची तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर बॅग पट्ट्यावर फिरत राहते आणि खेळाडू काचेच्या अलीकडे अडकतो. असं तिकीट हातात आलं तर टॅग घेण्याआधी तिकीट बदलून घ्या.

चेक-इनच्या काउंटरवर बॅगेला पट्टी लावतात तेव्हा तिच्यावरचा तीन अक्षरी कोड वाचा. स्प्लिटला जायचं असेल तर एसपीयू, झादरला झेडएडी, झाग्रेबला झेडएजी, थेसालोनिकीला एसकेजी. झादर आणि झाग्रेबच्या कोडात एकाच अक्षराचा फरक आहे, आणि त्या दोन शहरांमध्ये काही तासांचा रस्ता आहे. पट्टीवर मधल्या शहराचाच कोड दिसला तर काउंटर सोडायच्या आत विचारा. पट्टीवर दहा अंकी नंबरही असतो. त्याची पावती बोर्डिंग पासमागे चिकटवून देतात, तिचा फोटो लगेच काढून ठेवा. ती पावती नसेल तर पुढची सगळी धावपळ अवघड होते.

विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटाच्या 753 क्रमांकाच्या ठरावानुसार 2018 पासून कंपन्यांनी बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायची असते: ताब्यात घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या कंपनीकडे सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. ही नोंद त्यांच्या संगणकात असते, प्रवाशाच्या हाती बहुतेक वेळा काही नसतं. एअरटॅगची जागा तिथे आहे. त्याच्यामुळे काउंटरपलीकडच्या माणसाला विचारायच्या आधी तुम्हाला थोडंफार माहीत असतं.

वस्तू कशी आहे

हे परीक्षण 2021 साली बाजारात आलेल्या पहिल्या पिढीच्या एअरटॅगचं आहे. वजन 11 ग्रॅम, व्यास 31.9 मिलिमीटर, जाडी 8 मिलिमीटर. आत सीआर 2032 हे बटणाच्या आकाराचं सेल, ते साधारण वर्षभर चालतं. पाणी आणि धूळ रोखण्याचा आयपी67 दर्जा असल्यामुळे ओल्या बुटांच्या कप्प्यातली दमट हवा किंवा फुटलेली पाण्याची बाटली त्याला बाधत नाही.

आत जीपीएस नाही, सिमही नाही. टॅग ब्लूटूथवर एक बारीक संदेश सोडत राहतो. जवळून कोणाचाही आयफोन गेला की तो आपली जागा त्या संदेशाला जोडून ॲपलकडे गुपचूप पाठवतो, टॅग कोणाचा हे त्या आयफोनवाल्यालाही कळत नाही. आठवडी बाजारात ओळखीचं कोणी भेटावं आणि घरी येऊन सांगावं, की तुमचा पोरगा आत्ता स्टँडवर दिसला, इतकंच हे आहे. कोणी भेटलंच नाही तर निरोप नाही.

यातून दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. विमान हवेत असताना फाइंड माय या ॲपलच्या शोध-ॲपमधला नकाशा अद्ययावत होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. आणि नकाशावरच्या ठिपक्यापेक्षा त्याखालची वेळ महत्त्वाची. फ्रँकफर्ट, आत्ता असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही झाग्रेबच्या पट्ट्यापाशी असाल, तर बॅग नक्की मागे राहिली. फ्रँकफर्ट, 3 तासांपूर्वी असं असेल तर काहीच सांगता येत नाही, कारण बॅग कदाचित तुमच्याच विमानाच्या पोटात आहे आणि अजून कोणाचा आयफोन तिच्या जवळ गेलेला नाही. विमान थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. सामान उतरवणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी खिशात आयफोन असतो.

आयफोन 11 पासून पुढच्या बहुतेक मॉडेलांत जवळ आल्यावर बाण दाखवून अंतर सांगायची सोय आहे. एकसारख्या काळ्या क्लबबॅगांच्या ढिगात ती फार उपयोगी पडते. पण ती अल्ट्रा-वाइडबँड रेडिओवर चालते आणि काही देशांत त्या रेडिओला परवानगी नाही. इंडोनेशिया आणि उझबेकिस्तान ॲपलच्या अशा यादीत होते. तिथे आवाज वाजवून शोधावं लागतं, आणि कपड्यांच्या गठ्ठ्यात गाडलेल्या टॅगचा आवाज दोन पावलांपलीकडे ऐकू येत नाही.

दक्षिण कोरियात तर 2025 च्या एप्रिलपर्यंत ही शोधयंत्रणाच बंद होती. आता ती चालते, पण जुनी सॉफ्टवेअर आवृत्ती असलेल्या फोनवर नाही. तिकडे ट्रायल असेल तर निघण्याआधी फोन अपडेट करा.

ठेवायचा कुठे

बॅगेच्या बाहेर साखळीला लटकवू नका. सामानाच्या पट्ट्यांवर आणि घसरगुंड्यांवर अशी लटकणारी वस्तू हमखास तुटते, आणि चोराला ती आयती दिसते. आतल्या अस्तराच्या चेनच्या कप्प्यात, मोज्यात गुंडाळून, बॅगेच्या कापडी बाजूला लागून ठेवा.

धातू हा याचा शत्रू. संघाचं किट ज्या ॲल्युमिनियमच्या पेट्यांतून जातं, त्यात टॅग टाकला तर संदेश बाहेर पोचतच नाही किंवा फार क्षीण पोचतो. अशा पेटीला टॅग बाहेरच्या बाजूला, हँडलच्या खोबणीत, स्क्रूने बसणाऱ्या प्लास्टिकच्या कव्हरात लावावा लागतो. कार्बन फायबरचे शिनपॅड, म्हणजे नडगीवरचे संरक्षक पॅड, वापरणाऱ्यांनीही टॅग दोन पॅडांच्या मध्ये ठेवू नये, कार्बन फायबर रेडिओलहरी अडवतं.

थंडीचा मुद्दा नॉर्वे-फिनलंडकडे जाणाऱ्यांसाठी. टॅगची मर्यादा उणे 20 अंश सेल्सियस आहे. विमानाच्या पोटात तितकी थंडी नसते, पण जानेवारीत उत्तरेकडच्या धावपट्टीवर उघड्या ट्रॉलीत बॅग तासभर पडली तर सेलचा विजेचा दाब उतरतो आणि टॅग गप्प होतो. ऊब मिळाली की पुन्हा बोलायला लागतो. म्हणून तिथे काही तास निरोप नसला तर लगेच धीर सोडू नये.

सेल बदलणं सोपं आहे. चकचकीत स्टीलच्या बाजूवर दोन्ही अंगठ्यांनी दाबून ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची, झाकण निघतं. नवं सेल अधिकची खूण वर ठेवून बसवलं की टॅग वाजतो. वाजला नाही तर बसलं नाही. मग झाकणाच्या तीन खुंट्या तीन खाचांत बसवून घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. इथे एक खोच आहे. मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू लेप देतात. तो लेप असलेली काही सेलं टॅगमध्ये चालत नाहीत, कारण लेपामुळे विजेचा संपर्क नीट होत नाही. घेताना पाकीट वाचा. ॲपमध्ये किती टक्के सेल उरलं ते दिसत नाही, फक्त संपत आल्यावर सूचना येते. मोसमाच्या सुरुवातीला सेल बदलून टाकावं, साठ-सत्तर रुपयांसाठी जोखीम घेऊ नये.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये लुफ्तान्झा या विमान कंपनीने चेक-इन सामानात चालू टॅग चालणार नाही असं म्हटलं होतं आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं. सीआर 2032 मध्ये लिथियम साधारण 0.1 ग्रॅम असतं, चेक-इन बॅगेतल्या अशा चालू टॅगसाठी मर्यादा 0.3 ग्रॅमची आहे. पॉवर बँक मात्र चेक-इनमध्ये कधीच नाही. मसाज गनचं सेलही सुटं निघत असेल तर ते हातातल्या बॅगेत.

पट्टा थांबला आणि बॅग आली नाही

आता खरी कसोटी. समजा झाग्रेबला उतरलात, रात्रीचे दहा वाजलेत, परवा सकाळी ट्रायल आहे आणि टॅग फ्रँकफर्ट दाखवतो आहे.

बाहेर पडू नका. कस्टमचं दार ओलांडायच्या आत सामानाच्या तक्रारीचा काउंटर असतो, तिथेच लेखी तक्रार नोंदवायची. तिला सगळीकडे पीआयआर म्हणतात. एकदा बाहेर गेलात की परत आत येणं कठीण आणि नंतरची तक्रार कमजोर. तक्रार तुम्हाला शेवटी घेऊन आलेल्या कंपनीकडे करायची, मुंबईतून निघालेल्या कंपनीकडे नाही. बॅगेचा रंग आणि प्रकार तक्त्यावर बोट ठेवून दाखवायला लावतात. आत काय आहे हे लिहिताना फक्त कपडे असं लिहू नका. बुटांचा रंग, कंपनी, गोलकीपरचे ग्लोव्हज, क्लबचं नाव असलेली जर्सी असं ओळखू येणारं लिहा. पट्टी निघून गेलेली बॅग उघडून ओळखतात, तेव्हा हीच ओळ कामाला येते. पत्ता क्लबच्या कार्यालयाचा नको, जिथे रात्री झोपणार तिथला द्या, आणि परवा संघ दुसऱ्या गावी जाणार असेल तर तारखांसह दोन्ही पत्ते द्या. मिळालेल्या नंबरात तीन अक्षरं विमानतळाची, दोन कंपनीची आणि पाच आकडे असतात. त्यावर वेबसाइटवर शोध घेता येतो.

मग फोन काढा. फाइंड माय ॲपमध्ये तो टॅग उघडून शेअर आयटम लोकेशन निवडलं की एक लिंक तयार होते. ही सोय आयओएस 18.2 पासून, आयफोन एक्सएस किंवा पुढच्या फोनवर आहे. ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्झा, टर्किश, केएलएम, सिंगापूर एअरलाइन्स अशा बऱ्याच कंपन्या ही लिंक घेतात, एअर इंडियाच्या ॲपमध्येही ती जोडता येते. लिंक पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला बॅगेची जागा नकाशावर दिसते. बॅग हाती आली की लिंक आपोआप बंद होते, नाही आली तर सात दिवसांनी संपते. सातव्या दिवशी नवी बनवायला विसरू नका.

काउंटरवरच्या माणसाशी बोलताना नकाशावरचं ठिकाण आणि वेळ दोन्ही सांगा, आणि शक्य तितकं नेमकं: बॅग फ्रँकफर्टच्या पहिल्या टर्मिनलमध्ये आहे, चार मिनिटांपूर्वीची नोंद आहे, उद्या सकाळच्या पहिल्या विमानात ती टाकता येईल का? नुसतं माझी बॅग फ्रँकफर्टला आहे असं म्हणण्यात आणि यात फार फरक पडतो. मोठ्या विमानतळावर शेकडो बॅगांच्या ओळी लागलेल्या असतात. टॅग कुठल्या इमारतीत आहे एवढं कळलं तरी शोध घेणारा माणूस योग्य टोकापासून सुरुवात करतो.

लॉस्ट मोड, म्हणजे टॅग हरवल्याची खूण, हीही ॲपमध्ये चालू करा. बॅग सापडलेल्याने एनएफसी (जवळ टेकवून वाचायची सोय) असलेल्या कुठल्याही फोनने, अँड्रॉइडनेसुद्धा, टॅगला स्पर्श केला की तुमचा नंबर दिसतो. इथे बहुतेक जण घरचा भारतीय नंबर टाकतात, आणि रोमिंग बंद असतं. ज्यावर आत्ता फोन लागेल तोच नंबर टाका: क्लबच्या टीम मॅनेजरचा, किंवा ईमेल. संदेश इंग्रजीत आणि छोटा.

आणि या सगळ्याआधी, घरून निघताना, टॅग आणखी कोणाबरोबर तरी शेअर केलेला असावा. आयओएस 17 पासून तो आणखी पाच जणांना दाखवता येतो. फोनच चोरीला गेला तर घरच्यांपैकी कोणीतरी जागा पाहून सांगू शकतं. त्यांच्याकडे आयफोन लागतो, ही अडचण आहेच. शिवाय ॲपल खात्याला दोन विश्वासाचे नंबर जोडा. नव्या फोनवर लॉग-इन करताना ओटीपी भारतातल्या बंद पडलेल्या सिमवर गेला, तर टॅग असून नसल्यासारखा.

संघाच्या बसमधली किरकिर

पाळत ठेवण्यासाठी टॅग वापरू नये म्हणून ॲपलने दोन बंदोबस्त केलेत. मालकापासून लांब असलेला टॅग 8 ते 24 तासांनंतर हलवला की वाजतो, आणि त्याच्यासोबत फिरणाऱ्या परक्या फोनवर इशारा येतो. मे 2024 पासून अँड्रॉइडवरही असे इशारे येतात.

संघाच्या प्रवासात याचा त्रास होतो. संघाचं सामान सांभाळणारा किट मॅनेजर एक दिवस आधी विमानाने पुढे गेला आणि त्याच्या नावचे टॅग असलेल्या पेट्या खेळाडूंच्या बसमध्ये आहेत, तर बसमधल्या प्रत्येक आयफोनवर कोणीतरी तुमचा माग काढतंय असा इशारा येतो. काही जण घाबरून टॅग शोधून सेलच काढून टाकतात आणि नेमक्या त्याच प्रवासात पेटी हरवते. उपाय दोन. किटच्या पेट्यांचे टॅग बसमध्ये असणाऱ्या फिजिओ किंवा मॅनेजरला शेअर करावेत, म्हणजे त्या व्यक्तीला इशारा येत नाही. आणि बाकीच्यांना निघण्याआधीच पेट्या मोजून, टॅग दाखवून सांगून ठेवावं. इशारा आल्यावर त्या दिवसापुरता बंद करायची सोय फोनमध्ये आहे.

स्वतःच्या बॅगेसाठी विसरल्याची सूचना देणारी सोय चेक-इनच्या वेळी बंद ठेवा. नाहीतर बॅग पट्ट्यावर गेल्यापासून फोन ओरडत राहतो आणि खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष होतं.

अँड्रॉइड असेल तर

एअरटॅग अँड्रॉइडवर चालतच नाही, त्यामुळे बऱ्याच भारतीय खेळाडूंना पर्याय बघावाच लागेल. सॅमसंगचा स्मार्टटॅग 2 चांगला आहे, पण तो फक्त गॅलेक्सी फोनवर चालतो आणि माग देणारे फोनही गॅलेक्सीचेच लागतात. गुगलचं जाळं, ज्याला आता फाइंड हब म्हणतात, ते 2024 मध्ये सुरू झालं. त्यावर चालणारा जिओटॅग गो दीड हजारांच्या आसपास मिळतो. खेड्यापाड्यात आणि आशिया-आफ्रिकेत अँड्रॉइड फोन जास्त, म्हणून हे जाळं वरचढ ठरेल असं वाटतं. पण मुळातली सेटिंग अशी आहे की वर्दळीच्या जागी अनेक फोनांनी एकच टॅग पाहिला तरच जागा कळवली जाते. मोठ्या विमानतळावर ते पुरतं. छोट्या गावातल्या मैदानाच्या पार्किंगमध्ये, बसच्या डिकीत राहिलेल्या बॅगेसाठी पुरत नाही. युरोपात जाणाऱ्याकडे आयफोन असेल तर एअरटॅगच घ्यावा, आयफोन नसेल तर फक्त टॅगसाठी फोन बदलू नये.

टॅग असला तरी बूट हातातच

हे टॅगच्या परीक्षणात का, असं वाटेल. पण टॅग घेतला की माणूस निर्धास्त होऊन सगळं चेक-इनमध्ये टाकतो, आणि तिथेच घात होतो.

भारतातून निघताना हातातल्या बॅगेला बहुधा 7 किलोंची मर्यादा असते. बुटांचा जोड अर्धा किलोच्या आत, शिनपॅड हलके, ग्लोव्हज त्याहून हलके. एक प्रॅक्टिसचा जोड कपडे धरूनही दोन किलो होत नाही. केबिनमध्ये मोल्डेड स्टडचे, म्हणजे तळव्यातच घडवलेल्या खुंट्यांचे बूट घ्या. स्क्रूचे धातूचे स्टड आणि ते फिरवायची चावी काढून चेक-इनमध्ये टाका, सुरक्षा तपासणीत वाद नको. कोणता जोड घ्यायचा ते क्लबला मैदान विचारून ठरवा. नॉर्वेत वरच्या विभागातल्याही बऱ्याच मैदानांवर कृत्रिम टर्फ आहे. गवतासाठीचे लांब स्टड तिथे रुततात, वळताना पाय जागचा सुटत नाही आणि गुडघ्यावर ताण येतो. तिथे छोट्या, जास्त स्टडचे बूट लागतात.

तरी बूट विकत घ्यायची वेळ आलीच, तर नंबर युरोपियन आकड्यावरून ठरवू नका. भारतात आपण यूकेचा नंबर सांगतो. यूके 8 म्हणजे आदिदासमध्ये ईयू 42 आणि नायकीमध्ये ईयू 42.5. दुकानदाराला फक्त 42 सांगितलं तर एका कंपनीचा बूट बसतो आणि दुसरीचा चावतो. बुटाच्या जिभेवर सेंटिमीटरमध्ये लांबी छापलेली असते, ती जुन्या बुटाची बघून फोनमध्ये लिहून ठेवा. जुन्या बुटातला इनसोल काढून हातातल्या बॅगेत टाकला असेल तर नव्या बुटात तोच घाला, तळव्याला निम्मी ओळख आधीच असते. नवा बूट रात्री खोलीत अर्धा तास मोजे घालून वापरा, टाचेला आणि करंगळीच्या बाजूला झिंक ऑक्साइडची टेप लावा. सरळ नव्वद मिनिटं खेळलात तर टाचेला फोड येणारच.

यापेक्षा गंभीर गोष्ट औषधांची. बॅगेबरोबर सर्दी-खोकल्याची औषधं गेली की खेळाडू जवळच्या फार्मसीत जातो किंवा सोबतच्या भारतीयाकडून खोकल्याचं सिरप घेतो. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच कफ सिरपांत टर्ब्युटालीन असतं, आणि ते खेळाडूंना कायम निषिद्ध आहे. युरोपातल्या सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असू शकतं. ते सामन्याच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे लघवीत सापडलं तर उत्तेजक सेवनाचा गुन्हा होतो. बॅग हरवली होती हे कारण सुनावणीत चालत नाही. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातात ठेवा. नवं काही घ्यायचं तर आधी क्लबच्या डॉक्टरला विचारा.

पासपोर्ट, कराराची प्रत, हृदयतपासणीचे अहवाल हेही हातातच. तुमचं आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट फिफाच्या ऑनलाइन यंत्रणेतून दोन महासंघांमध्ये जातं, त्याचा कागद बॅगेत असायची गरज नाही. ईसीजी आणि इकोचे जुने अहवाल मात्र पुन्हा मिळवायला दिवस लागतात आणि त्याशिवाय बरेच क्लब मैदानावर उतरू देत नाहीत.

पैसे मागताना

आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाची भरपाई माँट्रियल करारानुसार मिळते. भारत त्यात आहे. 28 डिसेंबर 2024 पासून एका प्रवाशासाठी कमाल मर्यादा 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे दरानुसार साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये. ही मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नाही. सामान त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळीच जादा किंमत जाहीर करून शुल्क भरता येतं, नंतर नाही.

मुदती काटेकोर आहेत. बॅग फाटून किंवा मोडून आली तर 7 दिवसांच्या आत लेखी तक्रार. उशिरा आली तर हाती पडल्यापासून 21 दिवसांच्या आत. 21 दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरता येतं. विमानतळावरची पीआयआर म्हणजे हा दावा नव्हे. तो कंपनीकडे वेगळा, लेखी करावा लागतो, आणि हे न कळल्यामुळे सरळ हक्काचे पैसे बुडतात.

मधल्या दिवसांत घेतलेल्या आवश्यक वस्तूंचा खर्च मागता येतो. बुटांच्या बाबतीत कंपनी घासाघीस करते, कधी अर्धीच रक्कम देऊ करते, कारण बूट शेवटी तुमच्याकडेच राहतात. म्हणून पीआयआर लिहितानाच व्यावसायिक फुटबॉलपटू असल्याचं, ट्रायलची तारीख आणि बूट कामाचं साधन असल्याचं नोंदवून घ्या. क्लबचं बोलावण्याचं पत्र आणि दुकानाची छापील पावती जोडा. एअरटॅगच्या नकाशाचे वेळेसह स्क्रीनशॉट रोज काढून ठेवा, कारण ॲपमध्ये फक्त शेवटची जागा दिसते, मागचा प्रवास जपून ठेवलेला नसतो. बॅग चार दिवस एकाच इमारतीत पडून होती हे दाखवायला तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. पत्रव्यवहार फिसकटला तर पोचल्याच्या तारखेपासून दोन वर्षांत कोर्टात जाता येतं.